खिशातली माळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक 46 वर्षांचे असून लालबाग-काळाचौकी भागातल्या चाळीत राहतात. वडील गिरणी कामगार होते, माळकरी होते. ते गेल्यावर तीन वर्षांपूर्वी यांनी पंढरपुरात माळ घातली. दारू आणि मांसाहार सुटला, एकादशी धरली, भजनी मंडळात टाळ धरता धरता चालही म्हणू लागले. मागच्या ऑक्टोबरात नोकरी गेली. कार्तिकीला मंडळाच्या गाडीची वर्गणी मागितली तेव्हा 'रजा मिळत नाही' असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. डिसेंबरात जुन्या सहकाऱ्यांनी दादरच्या एका बारमध्ये बोलावलं. पायऱ्या चढण्याआधी त्यांनी माळ काढून खिशात ठेवली. तेव्हापासून ती कपाटातल्या डब्यात आहे आणि पिणं अधूनमधून चालू आहे. फेब्रुवारीत आई गॅलरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. पंधरा वर्षांच्या मुलाने विचारलं, "पप्पा, माळ कुठंय?" तर 'दोरा कच्चा झालाय, ओवायला दिलीय' असं त्यांनी सांगितलं. आता आषाढी जवळ आली आहे, मंडळाची दिंडी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला निघणार आहे. बुवांचे फोन येतात. घसा बसलाय, असं ते सांगत राहतात. ते विचारतात: "आईचं हाड मोडलं ती मला शिक्षा होती का? माळ पुन्हा घालू का? घातली आणि पुन्हा मोडली तर? की हा मार्ग आपला नाही हे मान्य करून मोकळं व्हावं? बाबांना जे जमलं ते मला जमत नाही."

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि समासात नुसते महिने लिहीत गेले. ऑक्टोबर: नोकरी. नोव्हेंबर: कार्तिकी. डिसेंबर: बार. तुम्ही लिहिलंय, "त्या रात्रीनंतर मंडळाला तोंड दाखवायची लाज वाटू लागली." पण तुमच्याच पत्राप्रमाणे तुम्ही मंडळात शेवटचे गेलात ते कार्तिकीच्या आधी. म्हणजे बारच्या त्या रात्री तुम्हाला मंडळ सोडून महिना होऊन गेला होता.

हा क्रम तुम्ही मनात उलटा लावून ठेवलाय, आणि तो सरळ केल्याशिवाय आपलं पुढचं बोलणं व्हायचं नाही. दारूमुळे मंडळ सुटलं, असं तुम्हाला वाटतं. मला दिसतं ते असं की वर्गणीची वही समोर आली तेव्हा 'नोकरी गेली' हे दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. एक खोटं कारण दिलंत. ते निभावण्यासाठी पुढच्या एकादशीला गेला नाहीत, मग त्याच्या पुढच्या. पूर्वी ज्या संध्याकाळी टाळ हातात असायचे त्या रिकाम्या झाल्या. अशाच एका रिकाम्या संध्याकाळी दादरहून फोन आला.

नोकरी जाण्यात तुमचा कुठलाच अपराध नव्हता. झाकण्यासारखं त्यात काहीच नसताना ते झाकलंत, आणि पुढचं सगळं झाकणं त्यातून आलं. आणि झाकलंत कोणापासून? तुमच्या मंडळात साठी ओलांडलेले जे कोणी असतील त्यांनी 1982 चा संप आपल्या घरात पाहिलाय. 18 जानेवारीला तो सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. कोणी भाजीची पाटी घेऊन बसलं, कोणी वॉचमन झालं, कोणी गावी गेलं ते परतलंच नाही. पगार थांबलेलं घर आतून कसं असतं हे मुंबईत लालबाग-परळच्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. तुमचे वडीलही त्यातून गेले असणार. तुम्हाला त्यांची माळ आठवते. त्या काळात त्यांनी कोणाकडे उसने पैसे मागितले, कोणापुढे मान खाली घातली, कोणत्या रात्री त्यांना देवाचा राग आला, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही लहान होतात. मुलांना बाप दिसतो तो टाळ हातात घेतलेला. 'बाबांना जमलं' असं म्हणताना तुम्ही त्यांचं पूर्ण आयुष्य तुमच्या एका वाईट वर्षाशी ताडून बघता आहात.

आता आईंच्या पडण्याबद्दल. हा प्रश्न तुम्ही पत्राच्या मध्येच घाईने विचारलाय, पण रात्री झोप उडवतो तो हाच, असं मला वाटतं. म्हणून सरळ सांगते: नाही, ती शिक्षा नव्हती. वयाबरोबर बायकांची हाडं विरळ होतात, पाळी गेल्यानंतर जास्तच. त्यात चाळीच्या गॅलरीतली ओली फरशी. एवढं कारण खुबा मोडायला पुरतं आणि ते दर पावसाळ्यात, दर हिवाळ्यात कितीतरी घरांत पुरतं. त्यांतल्या बहुतेक घरांत कोणी माळ उतरवलेली नसते. आणि थोडं थांबून हेही बघा की तुम्ही ज्याला माऊली म्हणता, विठाई म्हणता, तो मुलावर रागावला म्हणून त्याच्या म्हाताऱ्या आईचं हाड मोडेल? शेजारची एखादी बाई अशी वागली तर आपण तिच्याशी बोलणं सोडू. भीतीने तुमच्या मनात विठ्ठलाच्या जागी कोणीतरी दुसराच उभा केलाय. आईंसाठी करण्यासारखं बरंच आहे: संडास-मोरीत धरायला दांडी बसवून घ्या, डॉक्टरांना हाडांची घनता तपासायला सांगा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा. ते करा. अपराधीपणाने त्यांच्या पायात बळ येणार नाही.

'हा मार्ग आपला नाही' या वाक्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. त्या वाक्यात भक्ती ही परीक्षा आहे, तीन वर्षं तुम्ही पास होत होतात आणि डिसेंबरात नापास झालात, असं गृहीत धरलंय. माळ म्हणजे जणू गळ्यातलं प्रमाणपत्र. अशी समजूत करून घेणारे तुम्ही एकटे नाही. गेल्या काही महिन्यांत मला आलेल्या पत्रांत इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातून चौथ्या दिवशी बॅग घेऊन परतलेली एक तरुण मुलगी आहे. सोळा सोमवारांतला अकरावा चुकला म्हणून पुढचे सगळे सोडून दिलेल्या एक बाई आहेत. मुलगा गेल्यापासून देवघरात दिवाच न लावलेले एक गृहस्थ आहेत. तिघांनीही जवळजवळ एकच वाक्य लिहिलंय: आपल्याला ते जमत नाही.

हा प्रश्न जुना आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने तो विचारलाय. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, असं तो आधी सांगतो. कृष्ण म्हणतो, अभ्यासाने आणि वैराग्याने आवरतं. यावर एखादा 'बरं' म्हणून गप्प बसला असता. अर्जुन बसत नाही. तो विचारतो: श्रद्धा आहे पण प्रयत्न कमी पडले, मन वाटेतच ढळलं, अशा माणसाचं काय? वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा तो इकडूनही जातो आणि तिकडूनही, असं होतं का? तुम्ही तुमच्या पत्रात हेच विचारलंय. आणि उत्तर देताना कृष्ण आधी त्याला 'तात' म्हणतो, आपण 'बाळा' म्हणतो तसं. चांगलं करू बघणाऱ्या कोणाचीही दुर्गती होत नाही, असं तो सांगतो. घसरलेल्या माणसाने केलेलं वाया जात नाही, जिथे सुटलं तिथून ते पुढे उचललं जातं. तुमची तीन वर्षं, त्यातल्या एकादशा, पाठ झालेले अभंग, चाल म्हणताना सापडलेला सूर, यातलं काहीही त्या बारच्या पायऱ्यांवर सांडलेलं नाही.

आणि नामदेवरायांची गोष्ट तर तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत असेल. कीर्तनात किती वेळा ऐकली असेल. संत जमलेत, मुक्ताबाई गोरोबाकाका कुंभारांना म्हणतात, यातलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा. काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकीचे गप्प बसतात. नामदेव चिडतात. आणि कच्चे ठरतात. देव ज्यांच्या हातून जेवतो असं सारे सांगत, ते नामदेव! सगळ्यांसमोर! ते रडत पांडुरंगाकडे जातात, आणि पांडुरंगही त्यांची बाजू घेत नाही. विसोबा खेचरांकडे जा म्हणतो. ते उठून जातात. ही गोष्ट आपण गुरूचं महत्त्व सांगायला वापरतो. मला मात्र त्यातली ती वाट फार मोठी वाटते, पंढरपुराहून विसोबांच्या औंढ्यापर्यंतची. चारचौघांत 'कच्चा' हा शब्द ऐकल्यावर माणूस घरात बसू शकला असता. पुढे हेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

धारावीच्या कुंभारवाड्यात मी एकदा एका कारागिराला विचारलं होतं की भट्टीत जायच्या आधीच मडक्याला तडा गेला तर काय करता. त्याने दाखवलंच. ते मडकं पाण्याच्या टाकीत सोडलं. थोड्या वेळात त्याचा काठ विरघळायला लागला. उद्या ही माती मळून परत चाकावर घेणार, म्हणाला. भाजलेलं मडकं फुटलं तर मात्र खापरं, त्याचं काही होत नाही. मला तेव्हा गोरोबाकाकांच्या त्या शब्दाचा अर्थ निराळाच लागला. कच्चं म्हणजे टाकाऊ, असं कुंभाराच्या भाषेत नसतं.

आता धैर्याबद्दल. पत्रात तुम्ही म्हणता, पुन्हा माळ घालण्याचं धैर्य होत नाही. माळ घालण्याचं धैर्य इतक्यात कशाला हवंय? पन्नाशीत मी पहिल्यांदा वारीला गेले तेव्हा पुणे-सासवडचा तो लांबचा टप्पा होता. दिवे घाट चढायच्या आधीच गुडघ्याने साथ सोडली आणि मला सामानाच्या टेम्पोत बसवलं. लोक चालत होते आणि मी पातेल्यांच्या शेजारी बसून रडत होते, कारण 'पूर्ण पायी' असं मी घरी सगळ्यांना सांगून आले होते. स्वयंपाकाच्या एक आजी होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माऊली, टेम्पो पण पंढरपूरलाच चाललाय." दुसऱ्या दिवशी उतरून चार पावलं चालणं मला जड गेलं ते गुडघ्यामुळे नव्हे. दिंडीतल्या लोकांनी मला टेम्पोत बसताना पाहिलं होतं, म्हणून. धैर्य लागलं ते तेवढ्या उतरण्याला. तुम्हालाही आत्ता धैर्य लागणार आहे ते एका फोनला.

पण त्याआधी पिण्याबद्दल बोलायलाच हवं. तुम्ही 'अधूनमधून' लिहिता आणि पुढच्याच पानावर 'शनिवारी तर होतंच' असं लिहिता. मी डॉक्टर नाही, पण इतकं विचारते: एकटे पिता का? बायकोला सांगता त्याहून जास्त पिता का? डिसेंबरातल्यापेक्षा प्रमाण वाढलंय का? एकाचंही उत्तर हो असेल तर हा प्रश्न विठ्ठलावर टाकून चालणार नाही. परळचं केईएम तुमच्यापासून जवळ आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत फुकट बोलता येतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना मुंबईत पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. आणि रोज भरपूर पिणं चालू असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका. त्याने आकडी येऊ शकते. मंडळातले काही जण म्हणतील, माळ घाल म्हणजे आपोआप सुटेल. सुटलीही असेल कोणाची. पण व्यसनाचा आजार झालेल्या माणसाच्या गळ्यात नुसती माळ घालून त्याला घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं, त्या माणसावर आणि माळेवरही.

अॅलन मार्लट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. दारू सोडू पाहणारी माणसं एकदा घसरल्यावर पूर्ण का कोसळतात, याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना असं दिसलं की पहिल्या घोटापेक्षा त्या घोटाचा माणूस काय अर्थ लावतो यावर पुढचं बरंच ठरतं. 'मी आहेच असा' म्हणणारा पुढे पीत राहतो. 'आज अमुक वेळ होती, अमुक माणसं होती, मला नाही म्हणता आलं नाही' असं बघणारा लवकर सावरतो. तुम्ही पत्रात 'मोह झाला' एवढंच लिहिलंय. ते फार मोघम आहे, त्यातून शिकायला काहीच मिळत नाही. एका कागदावर त्या दिवसाचा दुपारपासूनचा हिशोब मांडा. जेवला होतात का? कोणती मुलाखत फसली होती? फोन आला तेव्हा घरात कोण होतं? आणि खिशात माळ ठेवली तो क्षण. पायऱ्यांच्या अलीकडे तुम्ही थांबलात, हात गळ्याकडे गेला, म्हणजे परत फिरायला तेवढी जागा होती. त्या जागी शेजारी कोण असतं तर तुम्ही वळला असतात? ज्याचं नाव मनात येईल त्याचा नंबर वर ठेवा. पुढच्या वेळी फोन लावायचा तो त्याला.

आता मुलगा. बुवांच्या आधी त्याच्याशी बोला. पंधराव्या वर्षी मुलांना कपाटातले डबे माहीत असतात. त्याला बहुतेक कळलंय, आणि बाप आपल्याशी खोटं बोलला हेही कळलंय. त्याच्याजवळ लांबण लावू नका, रडूही नका. "माळ ओवायला दिलेली नाही. मी प्यायलो, म्हणून काढली. त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोललो. मी मदत घेतोय." इतकं पुरे. आणि खरोखर मदत घ्यायला लागल्यावरच शेवटचं वाक्य बोला. तो काही बोलणार नाही कदाचित. त्याला गप्प राहू द्या.

माळ आषाढीच्या आधी घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दिंडीत गळा रिकामा दिसू नये म्हणून घातलेली माळ ही बारमध्ये दिसू नये म्हणून काढलेल्या माळेसारखीच, दोन्ही लोकांसाठी. डब्यातून काढून ती देवघरात ठेवा, उघड्यावर, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी. ज्यांच्या हातून घातली होती त्या महाराजांना कार्तिकीला भेटा, सगळं सांगा, आणि तेव्हा काय ते ठरवा. तोवर गळा मोकळा असू दे. कोणी विचारलं तर 'सध्या नाहीये' म्हणा.

नेम मात्र एक धरा, अगदी लहान. हरिपाठाचा पहिलाच अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहायला सांगतो. संध्याकाळी सात ते नऊ हा तुमचा कठीण वेळ आहे. त्यात तो एक अभंग म्हणा आणि आईंजवळ बसून म्हणा. एखाद्या दिवशी चुकला तर दुसऱ्या दिवशी म्हणा, दोनदा म्हणून भरपाई करू नका. वर ज्यांचा उल्लेख केला त्या तिघांनाही मी हेच लिहिलंय: आधी होतं त्याचा दहावा हिस्सा धरा आणि चुकलेल्याचं व्याज भरू नका. त्या गृहस्थांना तर दिवा लावू नका, नुसतं देवघरासमोर बसा आणि भांडायचं तर भांडा, असं कळवलंय.

मग आषाढी. वडाळ्याला जा. माळेशिवाय जा. चाल म्हणायला पुढे उभे राहू नका, दिंडीच्या शेवटी चाला, टाळही नको असेल तर नुसत्या टाळ्या. मुलगा आला तर आनंद, नाही आला तर आग्रह नको. पहाटेपासून तिथे रांग असते, तासन् तास जातात, पाऊस असतोच. पोटाला काही उपवासाचं खाऊन निघा, पाण्याची बाटली घ्या. रांगेत पुढे-मागे असणाऱ्या लोकांचे गळे बघत बसू नका.

आणि हे सगळं ज्यावर अडलंय तो बुवांचा फोन. त्यांना भेटायला बोलवा, मंडळाच्या जागेत नको, बाहेर चहाला. तुम्हाला वाटेल की सुरुवात माळेपासून करावी. मी म्हणेन, ऑक्टोबरपासून करा. 'बुवा, माझी नोकरी गेली होती, वर्गणीला पैसे नव्हते, म्हणून रजेचं कारण सांगितलं.' बाकीचं त्यामागून येईल. ते रागावतील, असंही होईल. काही जण कडक असतात, त्यांच्यासाठी नेम म्हणजे नेम. त्यांनी 'मंडळात येऊ नको' म्हटलं तर वाईट वाटून घ्या, पण घरी बसू नका. लालबागपासून परळपर्यंत भजनी मंडळं काही एकच नाहीत, आणि लोकलच्या डब्यात टाळ वाजवणाऱ्यांनी आजवर कोणाचा गळा तपासून सूर धरू दिलेला मी पाहिला नाही.

फोन आजच करा, जमलं तर हे वाचून झाल्यावर लगेच. आणि या वेळी घसा बसलाय असं सांगू नका.